शिवरामभाऊंनी सभेत वाचलेलं पान

इतिहास घेऊन बी.ए. मी झाले, पण इतिहास वाचला तो यांनी. माझे पती शिवराम रेल्वेत फिटर होते, रात्रशाळेतून मॅट्रिक झालेले. ठाकुर्लीच्या आमच्या वस्तीत पावसाळ्यात, वर्षावासाचे तीन महिने, विहारात रोज संध्याकाळी धम्मग्रंथ तेच वाचत. आवाज खणखणीत. ते वाचत असताना लहान मुलंसुद्धा चुळबुळ करत नसत.

वर चळवळीतल्या पुढाऱ्यांचे गट पडले, की खाली आमच्या वस्तीतल्या जयंती मंडळालाही तडा जायचा. एकोणनव्वदच्या सुमारास यांनी डोंबिवलीच्या वाचनालयातून अमेरिकेतल्या यादवी युद्धावरची पुस्तकं आणायला सुरुवात केली. काही राज्यं देशातून बाहेर पडतात आणि एकटा राष्ट्राध्यक्ष देश फुटू देत नाही, हे त्यांच्या मनातून जाईना. इंग्रजी अडलं की मी मराठी करून द्यायची. जेवतानाही तोच विषय.

"कांता, त्याने आपल्या मंत्रिमंडळात विरोधकांना घेतलं होतं, बघ. आपल्याकडे विरोधक आला की आपण सतरंजी गुंडाळतो."

आमचा मधु तेव्हा तेवीस वर्षांचा. तो पलीकडच्या चाळीतल्या दगडूच्या गटात गेला. त्यांना जयंतीची मिरवणूक वेगळी काढायची होती. मंडळाचे सचिव म्हणून यांनी विहारात सभा बोलावली. मधुला परत आणायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. तसं बोलले नाहीत, पण त्या आठवड्यात दोनदा त्याच्या आवडीची सुकट घेऊन आले.

सभेच्या आदल्या दिवशी मला म्हणाले, "ती राज्यं का फुटली, ते पान नीट मराठीत लिहून दे." मी दिलं लिहून. इतिहास शिकलेली बाई मी, तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही.

सभेत दगडू म्हणाला, "भाऊ, हात वर करायला सांगा आणि मोकळे व्हा. रविवार आहे, घरी मटण शिजतंय."

लोक हसले. यांनी चष्मा लावला. "पाच मिनिटं ऐक रे." आणि धम्मग्रंथ वाचायच्या त्याच आवाजात वाचलं, की गुलाम ठेवायचा हक्क सोडवेना म्हणून ही राज्यं बाहेर पडली.

पुढे बसलेल्या म्हाताऱ्या रंभाबाई म्हणाल्या, "म्हणजे ही आपली पोरं कोण झाली, भाऊ?"

दगडू उठला. "गुलामांचे मालक? आम्ही? माझ्या आज्याने मेलेली ढोरं ओढली, भाऊ. तुमच्याही आज्याने ओढली."

"उदाहरण फुटण्याचं आहे, दगडू. मालकांचं नाही."

"आम्ही ऐकलं ते ऐकलं. चूक झाली म्हणा, आम्ही इथंच थांबतो. मिरवणूक एकच काढू. काय रे मधु?"

मधु यांच्याकडे बघत होता. "बाबा, म्हणा ना. दोन शब्द तर आहेत."

यांनी कागदाची घडी घातली. "जे घडलं ते वाचलं. त्याची माफी कशी मागायची?"

वीसेक माणसं उठून गेली. मधु त्यांच्यात होता.

दुसऱ्या दिवशी हे कामावर असताना तो कपडे न्यायला आला. "आई, तो कागद तू लिहिलेलास ना? तुझं अक्षर मी लांबूनच ओळखलं." मी हो म्हणाले. त्याने मोजे शोधले, सापडले नाहीत, तसाच गेला.

जयंतीला दोन मिरवणुका निघाल्या. त्या पावसाळ्यात रंभाबाई यांना वाचायला बोलवायला आल्या. "घसा बरा नाही," म्हणाले. घसा बरा होता.

अशी तीन वर्षं गेली. मग एके दिवशी हे आपणहून दगडूकडे गेले. परत येऊन, नळाचं पाणी गेल्याचं सांगावं तसं मला सांगितलं, "दगडूच्या मनात काही नाही. चहा दिला. पण मधु आता त्यांच्यातही नाही. त्यांच्यातूनही आठ-दहा जण फुटले. तो कळव्याला राहतो म्हणे."

कुठे, ते दगडूलाही माहीत नव्हतं. तीन रविवार आम्ही कळव्यात विचारत फिरलो. तिसऱ्या रविवारी तो एका चहाच्या टपरीवर दिसला. बारीक झाला होता. हे त्याच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मधु, माझी चूक झाली."

"कसली, बाबा?"

त्याला खरंच आठवत नव्हतं. मग आठवलं. "अहो, ते? त्याला किती वर्षं झाली." त्याने आम्हाला चहा पाजला आणि नव्या गटाचं पत्रक यांच्या हातात दिलं. हे तिथंच उभ्याने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचू लागले.

"घरी ये," मी म्हटलं.

"येईन," तो म्हणाला.

त्याला पाच महिने झाले. खोलीचा पत्ता मी विचारला नव्हता. विचारला आणि त्याने दिला नाही तर, या भीतीने.