प्रेमा आणि एक जानेवारी

मी शाळेत शिकवायचे आणि प्रेमा धुरी माझ्या वर्गात होती, तेव्हा ती मधल्या सुट्टीत डबा उभ्यानेच संपवायची. मोठी मुलं मैदानात येण्याआधी मुलींना कबड्डी खेळायला जो थोडा वेळ मिळायचा, तो तिला बसून जेवण्यात घालवायचा नव्हता. आता ती पन्नाशी ओलांडून पुढे गेली आहे, पण डबा अजून उभ्यानेच खाते. दिवसभर घाटकोपरच्या एका दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसते, पेशंटना वेळा देते, आणि संध्याकाळी भटवाडीच्या मैदानात मुलींना कबड्डी शिकवते. वडील गुणाजी गिरणीत होते आणि गिरणीच्या संघातून खेळायचे. त्यांचा वारसा म्हणजे मोठा आवाज आणि दुखरा गुडघा, असं ती स्वतःच सांगते.

तिची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. शाळेच्या दाखल्यावर तिची जन्मतारीख एक जून आहे. गावाहून आलेल्या कितीतरी मुलांची तेव्हा तीच असे. आईवडिलांना तारीख सांगता यायची नाही, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मग एक जून लिहून मोकळं व्हायचं. तिची आई म्हणायची, "तू शिमग्याच्या आदल्या दिसा जल्माक इलंस." साल कोणतं, ते आईलाही नक्की आठवत नव्हतं. एक जूनला कोणी शुभेच्छा दिल्या की प्रेमा म्हणते, "त्या शाळेला द्या, माझ्या नव्हेत त्या."

गेल्या वर्षी कबड्डी संघटनेने खेळाडूंची नोंदणी कागदावरून काढून वेबसाइटवर नेली. सोळा वर्षांपर्यंतच्या किशोरी गटाच्या निवड चाचणीसाठी अट अशी होती, की मुलीचा जन्म ठरलेल्या वर्षाच्या एक जानेवारीला किंवा त्यानंतर झालेला हवा. प्रेमाच्या संघातली सगळ्यात चपळ पोरगी प्रांजल, तिचा जन्म नेमका त्या एक जानेवारीचा. जन्मदाखला, आधार कार्ड, सगळीकडे तीच तारीख. प्रेमाने दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर ती भरली, सेव्ह केली आणि यादी उघडली. यादीत एकतीस डिसेंबर. प्रांजलचं नाव आपोआप वरच्या, कुमारी गटात गेलं होतं. तिथे वीस वर्षांपर्यंतच्या मुली खेळतात.

प्रेमाने तारीख दुरुस्त केली. पुन्हा एकतीस डिसेंबर. तिसऱ्यांदाही तेच.

तिने मुलुंडच्या मुलींना शिकवणाऱ्या राजेशला फोन लावला. दोघं लहानपणापासून एकमेकांच्या विरुद्ध खेळलेले आणि भांडलेले.

"अगं, दोन तारीख टाक ना," राजेश म्हणाला. "सेव्ह केलं की एक मागे येते. आम्ही सगळ्या पोरींचं तसंच केलंय. झकास बसतं."

"म्हणजे खोटी तारीख टाकू?"

"खोटी कुठे? यादीत दिसते तर खरीच!"

"आणि उद्या कोणी ती वेबसाइट सुधारली तर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू ना यार. तू पण ना, प्रेमा!"

प्रेमाने फोन ठेवला. पण संध्याकाळी प्रांजलची आई जयंती मैदानावर आली. ती पोळीभाजी केंद्रात काम करते, हाताला अजून पीठ होतं.

"प्रेमाताई, मुलुंडवाल्यांसारखी टाका ना ती दोन तारीख. पोरगी हे कळल्यापासून नीट जेवत नाहीये."

"जयंती, उद्या कोणी दाखला काढून म्हणालं की हिने तारीख फिरवली, तर कायमची बाहेर बसेल ती. कबड्डीत वय चोरणारे इतके झालेत की खऱ्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही."

"पण नोंदणी परवा बंद होतेय."

"माहितीये मला. प्रांजल खेळेल, आणि स्वतःच्या तारखेवर खेळेल. तू तिला जेवायला घाल."

दुसऱ्या दिवशी तिने दवाखान्यातून अर्धी रजा घेतली आणि माझ्या दारात उभी राहिली. "बाई, चला माझ्याबरोबर अंधेरीला. मी चिडले तर मला धरा."

संघटनेचं ऑफिस अंधेरीत एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे. सचिव सहदेव यांनी जन्मदाखला पाहिला आणि ते हसले.

"एक जानेवारी? बरोब्बर अटीच्या दिवशी? तुमच्याकडे मुली पंचांग बघून जन्माला येतात काय हो?"

मी प्रेमाच्या कोपराला हात लावला. ती शांतपणे म्हणाली, "साहेब, तिच्या आईला विचारा. सगळी चाळ नव्या वर्षाचा केक कापत होती आणि ती कळा देत होती."

सहदेव जरा वरमले. "ताई, माझ्या हातात काही नाही. कॉम्प्युटरने नाव वर टाकलंय, मी खाली कसं आणू? वेबसाइट करणाऱ्या पोराला भेटा. इथून जवळच आहे त्याचं ऑफिस."

अनय नावाचा तो मुलगा कधीकाळी स्वतः कबड्डी खेळलेला. नोकरी सांभाळून त्याने संघटनेचं हे काम करून दिलं होतं. तो ऑफिसच्या खालच्या चहाच्या टपरीवर लॅपटॉप घेऊन आला.

"काकू, मी सगळं तपासलंय. तारीख बरोबर जाते."

"कुठली तारीख घालून तपासलंस?"

"आजची. तिथे 'आज' असं बटण आहे, ते दाबून."

"मग आता तुझी जन्मतारीख घाल बरं."

त्याने नऊ ऑगस्ट घातली, सेव्ह केलं, यादी उघडली. आठ ऑगस्ट. त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. "आयला, वाट लागली!" आणि माझ्याकडे बघून, "सॉरी हं, आजी."

मग त्याने आम्हाला समजावलं. तारीख भरली की तिच्याबरोबर एक वेळही साठवली जात होती. नुसती तारीख असली की वेळ म्हणून रात्रीचे बारा. पण जिथे ही माहिती साठते तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागचं. आपल्याकडे एक तारीख सुरू होते, तेव्हा त्या घड्याळात आदल्या दिवसाची संध्याकाळच असते. म्हणून एकची एकतीस. 'आज' हे बटण दाबलं की मात्र आत्ताची वेळ जायची, आणि त्याने तपासलं होतं भर दुपारी, म्हणून तारीख हलली नाही.

"जन्मतारखेला वेळ हवीच कशाला?" प्रेमाने विचारलं.

"नकोच. काढून टाकतो. आणि आधीच्या सगळ्या नोंदी एक दिवस पुढे सरकवतो, म्हणजे संपलं."

"थांब," प्रेमा म्हणाली. "काही जणांनी आधीच एक दिवस वाढवून भरलंय. त्यांच्या तारखा खऱ्याच दिसतायत. त्या सरकवल्यास तर त्या चुकतील."

"कोणी भरलंय तसं?"

नाव सांगितलं असतं तर राजेशच्या सगळ्या पोरींवर संशय आला असता, हे मला दिसत होतं, तिलाही.

"कोणी ते सोड. तू सरकव. मग प्रत्येक संघाला सांग, दाखला समोर ठेवून आपापल्या मुली तपासा. त्यासाठी दोन दिवस जास्त दे."

अनयने फोन केला, पण मुदत वाढवायला सहदेव तयार होईनात. प्रेमा पुन्हा जिना चढली आणि त्यांच्या टेबलासमोर उभी राहिली. ते बसा म्हणाले, ती बसली नाही. अखेर त्यांनी फोन उचलून अनयला "दे दोन दिवस" असं सांगितलं, तेव्हाच ती खाली आली. परतीच्या मेट्रोत तिने राजेशला फोन केला.

"राजेश, तुझ्या सगळ्या पोरींच्या तारखा आता एक दिवस पुढे गेल्यात. परत बघ."

पलीकडून तो बराच वेळ बोलत राहिला. प्रेमाने फोन कानापासून लांब धरला. शेवटचं एवढंच मला ऐकू आलं, "तुझ्यामुळे माझा रविवार गेला!"

"तुझ्यामुळेच गेला," प्रेमा म्हणाली. "पण तुझं नाव मी घेतलं नाही, लक्षात ठेव."

निवड चाचणी मुलुंडच्या मैदानावर होती. सहदेव हातात यादी घेऊन एकेकीला पुढे बोलवत होते. प्रांजलचं नाव आलं तेव्हा त्यांनी चष्म्यावरून प्रेमाकडे पाहिलं आणि मोठ्याने वाचलं, "जन्म, एक जानेवारी." जयंतीने माझा हात इतका घट्ट धरला की माझ्या बांगड्या रुतल्या.

पहिल्याच चढाईत प्रांजल पकडली गेली. पकड राजेशच्याच मुलींनी केली. ती मान खाली घालून बाहेर आली आणि रेषेपाशी बसली. राजेश पलीकडून टाळ्या वाजवत होता, जरा जास्तच जोरात.

प्रेमा तिच्याजवळ गेली. मला वाटलं, आता समजूत घालेल.

"ए, मान वर कर. तारखेसाठी मी भांडले. आता मैदानात तू भांडायचंस."

प्रांजलने नाक पुसलं. तिच्या संघाने समोरची एक बाद केल्याची शिट्टी झाली, म्हणजे बाहेर बसलेली एक परत आत, आणि ती धावत रेषेच्या आत गेली.