आमचा बँड न ऐकता परत गेलेली मीनाताई

ज्या बाईमुळे माझं करिअर संपलं, ती काल अकोल्यात वारली.

मीनाताई. अकोल्याचीच. मुंबईच्या एका कॅसेट कंपनीसाठी नवे रॉक बँड शोधायची. कॉलेजच्या गॅदरिंगला शेवटच्या रांगेत उभी राहायची आणि पहिलं गाणं मोजायचीच नाही.

"पयलं गाणं सारेच घोकून येतात," म्हणायची.

आम्ही तिघं परतवाड्याजवळच्या खेड्यातले. मी गायचो, इरफान ड्रम्सवर, संतोष गिटारवर. बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये आमची प्रॅक्टिस चालायची.

कपाशी बुडायची ती वर्षं.

ताई आम्हाला ऐकायला दोनदा आली. दोन्ही वेळा गावात कुणीतरी फवारणीचं औषध प्यायलं होतं. आमच्याकडे मयत झाली की तेरवीपर्यंत गावात वाद्य वाजत नाही.

इरफान मान खाली घालून म्हणाला, "ताई, आज नाई जमत."

ती चिडली नाही. दोन्ही वेळा मयताच्या घरी जाऊन बसली आणि मुंबईला परत गेली.

मग कंपनीनं शेवटची तारीख दिली. त्या तारखेच्या दोन दिवस आधी संतोषचा मोठा भाऊ गेला. तसाच.

दुसऱ्या दिवशी बातमी ऐकून ताई आली. मी तिला बसस्टँडवरच गाठलं.

"ताई, अमरावतीत हॉल घेऊ. गावाबाहेर चालते. संतोषले मी आणतो."



"काल त्यानं भावाले अग्नी देल्ला. अन् तू त्याच्या हातात गिटार देऊन राहिला?"

"चान्स जाईन ना आपला."

"जाऊ दे."

गेला. कंपनीनं दुसरा बँड घेतला. वर्षभरात तिची नोकरीही गेली.

मी तिला फोन करून वाट्टेल ते बोललो. "तुमी आमाले बुडवलं," असंही. तिनं सगळं ऐकून घेतलं. परत कधी मी फोन केला नाही. अकड, दुसरं काय.

आज स्मशानात संतोष भेटला. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते.

"तुले कोणी सांगतलं नाई. तवा मी बी औषध आणून ठेवलं होतं. ताईनं मले अकोल्याले घरी नेलं, तीन महिने ठेवलं. मंग रोज फोन. गिटारीचं एकडावही नाई इचारलं. जेवला का, एवढंच."

मी त्याच्या शेजारी राहायचो. अकोल्याला जाईपर्यंत रोज भेटायचो; तो कामाला गेला असंच समजलो. मला हे दिसलं नव्हतं.

लाज वाटते, ताई. फोनवर बोललो ते सगळं परत घेतो. ऐकायला तुम्ही नाही, तरी घेतो.

संतोषला घरी आणलंय. बायको त्याला वाढतेय.

येतो, ताई. रामराम.