चाखणाऱ्याची दाढ

आमचा धाकटा भाऊ म्हणजे पक्का नाक मुरडणारा. चहाच्या कंपनीत चहा चाखायचं काम करतो. लांब टेबलावर वाट्या मांडायच्या, चमच्याने जोरात भुरका मारायचा, तोंडात घोळवून थुंकायचं. त्या जिभेचा रुबाब घरीही. रोज सकाळी ठरलेलं, "ताई, पाणी फार उकळलंस." मी म्हणायचे, "मग स्वतः कर की!"

गेल्या महिन्यात त्याने सगळ्याच वाट्या नापास केल्या. "कुबट लागतोय." दुसऱ्या दिवशीही तेच. साहेब म्हणाले, "सोमवारी हाच माल परत चाख. जिभेचा भरवसा नसेल, तर गोदामात जा."

त्या संध्याकाळी स्वारीने माझा चहा मुकाट्याने संपवला.

"अरे, बोल ना काहीतरी!"

"काय बोलू ताई? सगळंच घाण लागतंय. जीभ गेली माझी."

बोलताना तोंड धड उघडेना, गाल टम्म. कान ठणकतो म्हणून शहाण्याने कानात कापूस कोंबलेला! तसाच बखोट धरून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेला.

त्यांनी फोटो काढून दाखवला. "ही खालची अक्कलदाढ. जबड्यात जागा नाही, म्हणून आडवी होऊन पुढच्या दाढेला टेकलीय. चार माणसं उभी केलीत तर एखाद्याची अशी अडकलेली निघते. कित्येकांना कळतही नाही. तुमची अर्धवट वर आलीय, हिरडीखाली अन्न अडकून पू झालाय. घाण चव त्याचीच, कानातली कळही तिथलीच."

"आणि जीभ?"

"जीभ ठणठणीत आहे."

एवढा दांडगा माणूस, त्या खुर्चीतच ढसाढसा रडला. मीही कुठली थांबतेय!

बाईंनी हिरडीखालून धुऊन काढलं, औषधं दिली. सूज उतरली की दाढ काढायची ठरली. सोमवारी भावाने त्याच वाट्या चाखल्या आणि सरळ सांगितलं, "साहेब, माल चांगला होता. तोंड माझं खराब होतं, अक्कलदाढ अडकलीय." साहेबांनी स्वतःचा गाल चाचपला. म्हणाले, "माझीही अशीच काढली होती. जा, कामाला लाग."

घरी आला. मी चहा पुढे केला. एक घोट घेऊन त्याने तोंड वाकडं केलं.

"ताई, पाणी फार उकळलंस."

"उद्याही उकळीन, मेल्या!" मी ओरडले, आणि डोळे पुसायला आत पळाले.