द्वारकीच्या फोनवर इंदापूरची बिलं

आमच्या वडगाव निंबाळकरात द्वारकाबाईएवढी दमलेली बाई दुसरी न्हाय, आणि दमलीय हे सांगायचाबी तिला कट्टाळा. पाच गाई, दोन टाइम डेअरी, नवरा गुडघ्यानं खाटेला खिळलेला. मी शेजारीण, वयानं थोरली, म्हणून तिला छळायचा हक्क माझा. म्हणायची, "द्वारके, गाय उभ्या उभ्या डुलकी काढती, तू चालता चालता काढतीस." ती हसायची न्हाय. हसायलाबी अंगात दम लागतो.

सव्वा वर्षामागं तिचा पोरगा अविराज बायकोला घिऊन इंदापूरला ऱ्हायला गेला. सून निकिता तितं नोकरीला लागली, आणि द्वारकीच्या तोंडून निघून गेलं, "मग गोठ्यातलं शेण काय तुझा पगार काढणार?" तेवढ्यावर अबोला. फोन न्हाय, सणाला येणं न्हाय.

पण बिलं यायची. टिंग वाजलं की द्वारका हात पदराला पुसून फोन माझ्याम्होरं धरायची. अक्षर बारीक, त्यात इंग्रजी; मी दहावी शिकलेली. इंदापूरच्या दुकानातलं सामान मी वाचायची, चहा पावडर, साखर, तांदूळ. हिनं तिकडं काय घेतलं न्हाय, मग बिल हिला का?

बारामतीला त्याच कंपनीच्या मोठ्या दुकानात गेलो तवा काउंटरवरच्या राजलक्ष्मी नावाच्या पोरीला इचारलं. तिनं नीट समजावलं. बँकेचं कार्ड पयल्यांदा घासलं की मशीन इचारतं, बिल कुठल्या नंबरला धाडू. एकदा नंबर दिला की तो कार्डाला चिकटतो. पुन्यांदा कुणी इचारत न्हाय, कुठल्याबी शाखेत कार्ड घासा, बिल आपोआप त्याच फोनवर. मग द्वारकीला आठवलं. मिक्सर घ्यायला आलेलो तवा अविराजनं त्याचं कार्ड घासलेलं, आणि फोन बंद पडलेला म्हणून आईचा नंबर सांगितला.

"बंद करून देऊ का, काकू?" पोरीनं इचारलं.

द्वारकीनं फोन असा वढून घेतला की पोरगी घाबरली.

तवापास्नं धारा काढून झाल्या की ओट्यावर आमचं वाचन. मी मुद्दाम सावकाश वाचायची. गेल्या साली आवळा कँडी आली, चिंचेच्या गोळ्या आल्या, एका आठवड्यात तीनदा. मी म्हणाले, "आजीबाई, कान टवकारा." तिनं नुसती मान खाली घातली. कुणी कळवलं न्हवतं. आपण इचारलं तर कसं कळलं ते सांगावं लागंल, आणि सांगितलं की पोरगा नंबर काढणार. म्हणून ती गप.

मग लंगोट, बाळाचा साबण, बाळंतशेपा. आणि एका सोमवारी मी वाचलं, डिंकाचे लाडू, तयार, पाव किलो.

"इकतचं?" ती म्हणाली.

निकिताला आई न्हाय. म्हंजी बाळंतिणीला लाडू वळायला घरात कुणीच न्हाय. द्वारका उठली, डिंक तळायला घेतला. मी म्हणाले, गेलीस तर ही बिलं संपली बघ. ती म्हणाली, "संपू दे. आता वाचूनबी दमले."

दुसऱ्या दिवशी दोन एसट्या बदलून आमी इंदापूरला. दार अविराजनं उघडलं. त्यानं डबा बघितला, आईला बघितलं, आणि आधी हेच इचारलं, "तुला कुणी सांगितलं?" मी थाप तयार ठेवली व्हती, पावणा भेटला म्हणून. पण द्वारकीनं सरळ फोन त्याच्या हातात दिला.

तो उभ्यानं बिलं सरकवत ऱ्हायला. सव्वा वर्षाची. कान लाल झालं. मग बिलाखाली कुठंतरी दाबलं आणि म्हणाला, "बंद केलं." चप्पल काढायचंबी द्वारकीला सुचंना.

आतनं निकिता आली, वीस दिवसांची पोरगी खांद्यावर. तोंड उतरलेलं, डोळं जागरणानं तांबारलेलं. दोघी एकमेकीकडं बघत ऱ्हायल्या. कोण जास्त दमलंय ते मला सांगता आलं नसतं.

"आत्या," निकिता म्हणाली, "हिला न्हाऊ घालायला मला भ्या वाटतं. पायावर धरताच येत न्हाय."

द्वारकीनं चप्पल काढली, लुगडं गुडघ्यावर सारलं आणि न्हाणीत पाय पसरून बसली.

ह्याला आज नऊ दिवस झालं. तिच्या पाच गाई आणि तिचा नवरा माझ्या गळ्यात. बोटांची पेरं सुजलीत. काल फोन करून इचारलं, बाई, येणार कवा? तर म्हणती, पोरगी आत्ताच झोपलीय, हळू बोल.