गुळाच्या पाण्यातली गोळी

पावसाळ्यात लहान मुलांना हिवताप होऊ नये म्हणून दर महिन्याला औषध द्यायचं ठरलं, त्या वर्षी मी आलापल्लीकडच्या एका उपकेंद्रात नर्स म्हणून नव्यानेच आले होते. गोळी कडू. गुळाच्या पाण्यात विरघळवून चमच्याने पाजायची. पण ती धडधाकट मुलांना द्यायची होती, अडचण तिथेच होती. "ताप नाई, खोकला नाई, मंग औषध काऊन?" आया विचारायच्या.

भाताच्या रोवणीला गाव रिकामं झालं. माणसं शेतातल्या झोपड्यांत राहायला गेली. मी आणि गावातली आशाताई नाला ओलांडून तिथे पोचलो. आम्ही खूप समजावल्यावर एका आईने आपल्या लहानगीला औषध पाजू दिलं.

थोड्याच दिवसांत तीच आई मुलीला खांद्यावर टाकून उपकेंद्रात आली. पोर तापाने फणफणली होती.

"तुमच्या औषधानं काय केलं, बाई? ताप त आलाच!"

रक्त तपासलं, हिवतापच निघाला. मी तिला खरं तेच सांगितलं. या औषधाने धोका कमी होतो, पण एखाद्या मुलाला ताप येतोच. लगेच उपचार सुरू केले. मुलगी खेळायला लागेपर्यंत मी रोज त्यांच्या झोपडीवर जात राहिले.

पण बोभाटा व्हायचा तो झालाच. पुढच्या फेरीला बायकांनी वर पाहिलंसुद्धा नाही, वाकून तण निंदत राहिल्या. "आज कोणी घेत नाई, वापस जाऊ," आशाताई म्हणाली. मला परत जायचं नव्हतं. बांधावर पिशवी ठेवली, गूळ काढला आणि बसून राहिले.

ऊन चढल्यावर तीच आई चिखलातून वर आली. हात धुऊन तिने मुलीला मांडीवर घेतलं आणि बाकीच्यांना म्हणाली, "मागच्या साली माहा पोरगा तापानं गेला, तवा कोणी विचाराले आलं नाई. ह्या बाई रोज आल्या. मी त देतो औषध."

मुलीने पहिला चमचा माझ्या साडीवर थुंकला. आम्ही पुन्हा पाजला.

मग एकेक जण पुढे आली. एकीने मात्र शेवटपर्यंत नकारच दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी तिच्याच झोपडीकडे निघाले.