सुकेळी घातलेलं सॉसेज

हा पदार्थ करायला वीस मिनिटं पुरतात. कोल्ड स्टोरेजच्या दुकानातून बोटाएवढी सॉसेज आणायची, काट्याने टोचायची आणि जाड बुडाच्या कढईत कोरडीच परतायची. तेल लागत नाही, त्यांचीच चरबी सुटते. लाल झाली की काढून ठेवायची. त्याच चरबीत उभा चिरलेला कांदा, मिरपूड, थोडं लाल तिखट आणि पळीभर व्हिनेगर. व्हिनेगरची वाफ डोळ्यांत जाते, तेव्हा मान वळवायची. सॉसेज परत आत टाकायची आणि अगदी शेवटी गोड घालायचं. पार्ट्यांमध्ये लोक डब्यातला अननस घालतात, कोणी जॅम घालतं. मी सुकेळी घालायचं ठरवलं. राजेळी केळी सोलून कडक उन्हात वाळवली की मधासारखी चिकट, तपकिरी होतात, त्यांचे आडवे काप करायचे. टोचायला दुकानातल्या काड्या नकोत. नारळाच्या झावळीचे हीर सोलून, तुकडे करून, टोकं तासून घेतली की झालं. एका हिरावर एक सॉसेज, एक काप.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे, मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना, हा पदार्थ मी आयुष्यात पहिल्यांदा केला. खाण्याच्या हौसेने केला नव्हता. आमची नंदाखाल गावातली केळी-नारळांची वाडी वाचवायला केला होता.

बाबा शाळेत मास्तर होते आणि पत्रकं लिहायचे. वाड्या विकू नका, टँकरला पाणी देऊ नका, बिल्डरला दारात उभं करू नका. रविवारी मिस्सा सुटली की ते देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, फाटकाशी उभे राहायचे आणि मी त्यांच्या शेजारी. लोक पत्रक घ्यायचे, घडी करून खिशात ठेवायचे आणि पुढच्या रविवारी तेवढ्याच प्रेमाने पुढचं घ्यायचे. त्यातल्या कित्येकांच्या विहिरींवर संध्याकाळी टँकर लागलेले असायचे. मी त्यांना तोंडावर विचारायची. बाबा म्हणायचे, "ओरडू नकोस, वाचायला दे."

वाडी दोघा भावांच्या नावावर होती, बाबांच्या आणि मोठ्या काकांच्या. विहीर मधोमध. काका मुंबईत गोदीत नोकरी करून निवृत्त झाले होते, आणि त्यांनी गिऱ्हाईक शोधलं होतं. बाबांची सही झाल्याशिवाय विक्री होणार नव्हती. बाबांनी एकदा "नाही" म्हणून सांगितलं आणि दोघा भावांचं बोलणं बंद झालं. पण आई घाबरली होती. "तुझे बाबा पत्रकात कडक," ती मला म्हणाली, "मोठ्या भावासमोर नाहीत. दादांनीच माघार घ्यायला हवी."

काका-काकींच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. आईने जेवण आपल्याकडे, वाडीतच, ठेवलं. सगळे नातेवाईक माडांखाली बसतील, काकांना लहानपण आठवेल, चार माणसं चार शब्द सांगतील, असा तिचा हिशेब. माझा हिशेब आणखी सोपा होता. वाद घालून काका हरत नव्हते. मग त्यांच्या जिभेशी बोलायचं. लहानपणी काका आणि बाबा अर्धवट वाळलेली सुकेळी चटईवरून चोरून खायचे, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. काकांना पार्टीत सॉसेज लागायचं. त्याच हिरावर आपल्या वाडीचं सुकेळं टोचून द्यायचं आणि सांगायचं, खा, आणि आता विका.

मी आईकडे सुकेळी मागितली. ती तांदूळ निवडत होती. जरा वेळ निवडतच राहिली, मग म्हणाली, "देते उद्या." दुसऱ्या दिवशी केळीच्या सुक्या पानात बांधलेला पुडा ओट्यावर होता. माळ्यावरून काढला असेल असं मी धरून चालले.

पार्टीच्या दिवशी दुपारी चारला माणसं यायला लागली. काकींच्या माहेरचे भुईगावहून आले, सांडोरची आत्या आली. आत्याने आल्या आल्या काकींना विचारलं, "पंचवीस वर्षं सोसलंस, पदक कुठाय?" काकी म्हणाल्या, "पदक समोर बसलंय, टक्कल पडलेलं." काका सगळ्यात मोठ्याने हसले. बाबा खुर्च्या मांडत होते. दोघे भाऊ एकमेकांकडे न बघता एकच बाक दोन टोकांनी उचलून सावलीत घेऊन गेले, आणि मला वाटलं, जमतंय.

प्रार्थना झाली आणि मी ताट फिरवलं. काकांनी एक उचललं, मग दोन, मग ताट माझ्या हातातून घेऊन शेजारी ठेवूनच घेतलं.

"कुणी केलंय हे?"

"मी."

"पुढारीणबाई चूलपण पेटवतात?" सगळे हसले. "मला वाटलं, मोर्चाच काढतात."

"चांगलं झालंय ना?"

"झकास झालंय. गोड लागतंय काय मध्येच?"

हे विचारलं जावं म्हणून तर मी आठवडाभर वाट बघत होते. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सुकेळं आहे काका. आपल्या वाडीचं. इथे बिल्डिंग उभी राहिली की हे कुठून आणाल?"

हसणं थांबलं. आत्याने पदर सारखा केला. काकांनी हिरावरचा काप बोटांनी ओढून काढला, रुमालाने त्याचा व्हिनेगर पुसला आणि नुसताच तोंडात टाकला. डोळे मिटून चावला. मला खरंच वाटलं, आता ते रडतील.

"हे आगाशीच्या दुकानातलं आहे," ते म्हणाले.

मी आईकडे पाहिलं. आई सुकटीची चटणी वाढायला आत निघून गेली.

"बाय," काका म्हणाले. थट्टा त्यांच्या आवाजातून गेली होती. "आपली राजेळी दोन वर्षांमागे मेली. तुला कोणी सांगितलं नाही?"

"केळी तर उभी आहेत!"

"ती भाजीची आहेत. कशीतरी उभी आहेत. चल."

ते मला विहिरीकडे घेऊन गेले. सगळी पार्टी बघत होती. त्यांनी बादली सोडली, ओढली आणि ओंजळीने पाणी माझ्यापुढे धरलं. दोन वर्षं आम्ही नळाचं पाणी पीत होतो. विहीर उपसायची आहे, गाळ झालाय, असं आई सांगायची. मी घोट घेतला आणि थुंकले.

"खार लागलाय," काका म्हणाले. "चारी बाजूंच्या विहिरींना टँकरवाल्यांचे पंप. आपण नाही दिलं पाणी, शेजाऱ्यांनी दिलं. जमिनीखाली कुंपण असतं काय? आत गोडं संपलं, समुद्र आला. नारळ सोसतो. राजेळी नाही सोसत. विड्याचं पान तर कधीच गेलं."

बाबा मागे येऊन उभे होते. मी त्यांना विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"मागच्याच महिन्याच्या पत्रकात लिहिलंय, आपल्या गोड्या पाण्याच्या विहिरी. मी वाटलंय ते. माझ्या हातांनी."

"खार लागला असं छापलं असतं," बाबा हळू म्हणाले, "तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी विकल्या असत्या वाड्या. राहिलंय काय म्हणून राखायचं, असं म्हणाले असते."

"आणि नाही छापलं," काका म्हणाले, "म्हणून काय झालं मास्तर?"

बाबा वाकून विहिरीत बघायला लागले. मला त्यांचा राग यायला हवा होता, आणि आला. खोटं आपल्या बाजूचं असलं म्हणून खरं होत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. पण खरं छापून तरी वाडी कशी वाचली असती, हे मला त्या दिवशी सांगता आलं नाही आणि आजही येत नाही. आमचं पाणी ज्या नव्या कॉम्प्लेक्समध्ये गेलं, तिथली माणसं बादल्या घेऊन टँकरच्या मागे धावत होती. आयुष्याची कमाई घालून त्यांनी नळ नसलेले फ्लॅट घेतले होते. त्यांच्यावर तरी कुठलं पत्रक काढायचं? टँकरवाल्यांवर काढली, पंचायतीवर काढली, बिल्डरवर काढली. पाण्याला ती वाचता येत नव्हती.

"दादा," बाबा शेवटी म्हणाले, "दोन पावसाळे थांबू या. पंप बंद झाले तर पाणी परत गोडं होतं म्हणतात."

"पंप बंद होतील?"

बाबा विहिरीच्या काठावर बसले.

"सांग ना. तू म्हण, होतील. मी गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांगतो. आज, इथे, सगळ्यांसमोर. तुझ्या शब्दावर."

मी बाबांकडे बघत होते. म्हणा, मी मनात म्हणत होते, फक्त हो म्हणा. बाबांनी पायाजवळचं केळीचं एक सुकं सोपट उचललं, त्याचे धागे सोलले आणि टाकून दिलं.

"नाही," ते म्हणाले. "नाही होणार."

काकांनी मान हलवली. त्यांना आनंद झालेला दिसला नाही. ते बादली उपडी ठेवून पाहुण्यांकडे परत गेले. तिकडे काकींच्या बहिणीने ताटातली उरलेली सॉसेज फस्त केली होती. जेवण झाल्यावर ती माझ्याकडे आली आणि कांदा आधी की व्हिनेगर आधी, असं विचारायला लागली. मी सांगितलं, कांदा आधी.

त्या रात्री आई भांडी घासताना एवढंच म्हणाली, "तुझी इतकी हौस दिसली. नाहीत, असं तोंडातून निघेना." तिने दोन वर्षं बाहेरून सुकेळी आणून घरात ठेवली होती. नाताळात तळलेल्या गोड कुळकुळांबरोबर ती ताटात असायची. बाबांच्या ताटातही.

सही त्याच महिन्यात झाली. मी हट्टाने बाबांबरोबर रजिस्ट्रारच्या कचेरीत गेले, कारण शेवटच्या क्षणी ते उठतील अशी मला आशा होती. कचेरीत पंखा होता, बाकावर आमच्यासारखीच आणखी दोन कुटुंबं होती आणि त्यांतल्या एका म्हाताऱ्या माणसाने बाबांना ओळखून उभं राहून "नमस्कार सर" केला. बाबांनी नमस्कार केला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. आमचा पुकारा झाला. वकिलाने कागद पुढे सरकवले.

"वाचून घे रे," काका म्हणाले.

बाबा साध्या पत्रकाचंही प्रूफ तीनदा वाचत. स्वल्पविराम हलला तरी प्रेसमध्ये परत जात. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि वकिलाने जिथे जिथे बोट ठेवलं, तिथे तिथे सही केली.