गाडी अठरा देते

सकाळी कॉव्हेंट्रीला पोचलो तेव्हा शैलावहिनी गाडीत बसून माझी वाट बघत होत्या. मांडीवर दशम्यांचा डबा, डब्यावर पर्स, पर्सवर दोन्ही हात. ड्राइव्हवेमध्ये निम्मी आणि फुटपाथवर निम्मी अशी उभी असलेली ती गाडी म्हणजे माझा मित्र मधू याची अमेरिकन पिकअप. मधू गेल्या हिवाळ्यात हार्ट ॲटॅकने गेला. त्याच्यामागे हा रणगाडा कोण चालवणार? वहिनींनी ऑनलाइन जाहिरात दिली, पार उत्तरेला, पेनाइन्सच्या डोंगरात राहणाऱ्या ॲलन नावाच्या एका मेंढपाळाने फोन केला, आणि गाडी पोचवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. जाताना गाडीने, येताना ट्रेनने, असा बेत होता.

ही गाडी चालवायची म्हणजे दोन माणसं लागतात. स्टिअरिंग डावीकडे. त्यामुळे इथल्या रस्त्यांवर चालवणारा फुटपाथला खेटून आणि शेजारचा रस्त्याच्या मधोमध. पुढच्याला ओव्हरटेक करायचं तर समोरून काय येतंय ते चालवणाऱ्याला दिसतच नाही, शेजारच्याने बघून सांगायचं. वहिनींनी हे काम वर्षानुवर्षं केलं. रस्ता मोकळा असला की म्हणायच्या, "घ्या." नसला की, "नको." त्यांच्या 'घ्या'शिवाय मधूने कधी सायकलसुद्धा ओलांडली नाही.

आपल्या माणसांना गाडी दिसली की पहिला प्रश्न ठरलेला. किती देते? मधू छाती पुढे काढून सांगायचा, "अठरा देते." गॅलनला अठरा मैल. आता एवढं धूड, पुढे आठ सिलिंडरचं इंजिन, मागे मेंढ्यांचा कळप मावेल असा हौदा, ते कसलं अठरा देतंय? शिवाय डॅशबोर्डवर ॲव्हरेजचा आकडा असायचाच, आणि तो कायम पंधराच्या आसपास. आम्ही सगळ्यांनी त्याचं नावच 'अठरावाले' ठेवलं. एका गणपतीला तर वहिनीच हसत सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अहो, पंधरा दाखवतंय की." मधू त्यानंतर त्या विषयावर बोललाच नाही.

मी किल्ली फिरवली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, गाडी देऊन टाकायच्या आधी मला एकदा कळू दे. पंधरा की अठरा."

"वहिनी, आता काय फरक पडतो त्याने?"

"हे माझ्याशी खोटं बोलायचे का, एवढंच बघायचंय. एवढ्याशा गोष्टीत बोलत असतील तर मग आणखी कशाकशात बोलले असतील?"

मी गाडी बाहेर काढली. निघताना सीट उगाचच पुढे सरकली आणि माझे गुडघे स्टिअरिंगला लागले. बरेच महिने उभी होती, बिघडलं असेल काहीतरी, असं म्हणून मी बटण दाबून ती मागे घेतली.

पेट्रोलचं वेगळंच त्रांगडं होतं. टाकीचा काटा कधीपासून अर्ध्यावर अडकलेला. मधूने त्या काचेवर वहिनींची एक लाल टिकली चिकटवून ठेवली होती, म्हणजे 'याच्यावर विश्वास ठेवू नये'. टाकी इतकी कोरडी की गाडी गल्लीतल्या पंपापर्यंत आचके देतच पोचली. तिथे मी साठ लिटर टाकलं. विकायची गाडी, काठोकाठ कशाला भरायची? डॅशबोर्डच्या पंधराने हिशोब केला तर दोनशे मैलांच्या जरा आत पेट्रोल संपणार होतं आणि ॲलनचं शेत होतं दोनशेच्या थोडं पलीकडे. वाटेतल्या शेवटच्या गावात नकाशावर एक पंप दिसत होता. तिथे थोडं घ्यायचं असं ठरवलं. मोटरवेवर महागाचं पेट्रोल भरणं आमच्या रक्तातच नाही.

नॉटिंगहॅम मागे पडलं, यॉर्कशर लागलं. लॉऱ्यांच्या मागे मागे, सावकाश. मोटरवेच्या कडेला 'सर्व्हिसेस' म्हणतात त्या थांब्यावर आम्ही कागदी कपातला चहा घेतला आणि दशम्या खाल्ल्या, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. शेजारच्या टेबलावरचे आजोबा चटणीचा वास घेत म्हणाले, "छान दिसतंय." वहिनींनी त्यांना अख्खी दशमी दिली. मला बरं वाटलं. जरा माणसात आल्या.

परत येऊन मी किल्ली फिरवली. खालून घुर्रर्र आवाज झाला आणि सीट आपणहून पुढे निघाली. सकाळसारखीच. माझे गुडघे परत स्टिअरिंगखाली अडकले आणि दोन्ही बाजूंचे आरसे हळूच खाली वाकले. मग सगळं थांबलं, कोणीतरी नीट बसल्यासारखं.

या गाड्यांत प्रत्येक किल्लीला एकेका माणसाची सीट लक्षात ठेवायची सोय असते, हे मला माहीत होतं. म्हटलं, "वहिनी, ही मधूची किल्ली ना?"

"नाही. यांची किल्ली त्या दिवसापासून सापडलीच नाही. ही स्पेअर. ड्रॉवरमध्ये पडून होती, कोणी वापरलेली नाही."

मधू पावणेसहा फुटांच्या वर. गाडी ज्याची जागा लक्षात ठेवून होती तो माणूस बुटका होता. वहिनींनी त्या पुढे सरकलेल्या सीटकडे बघितलं, माझ्या गुडघ्यांकडे बघितलं आणि खिडकीबाहेर तोंड केलं. "कोणाची उंची आहे ही?" त्या एवढंच म्हणाल्या, तेही काचेला. मी सीट मागे घेतली.

मोटरवे सोडून आत वळलो तसा देश बदलला. दगडी बांधांची कुरणं, मग कुरणं संपून नुसता तपकिरी माळ. इकडे डोंगराला 'फेल' म्हणतात आणि ओढ्याला 'बेक'. पाट्यांवर इतके फेल वाचून मला इंजिनिअरिंगचा निकाल आठवला, पण वहिनी हसल्या नाहीत. नकाशावरचं ते गाव आलं. पंप होता. म्हणजे एकेकाळी असणार. दोन गंजलेली मशिनं, त्यांच्या काचेआड थांबून राहिलेले आकडे, नळी जमिनीवर पसरलेली आणि तिच्यातून गवत आलेलं.

कुत्र्याला फिरवणारी एक बाई थांबली. मी डावीकडच्या खिडकीतून विचारलं. तिने उत्तर मात्र उजवीकडे, वहिनींच्या खिडकीपाशी जाऊन दिलं, इकडच्या पद्धतीने 'लव्ह' म्हणत.

"हा बंद होऊन जमाना झाला, लव्ह. पुढचा पंप माळ ओलांडून पलीकडे, ॲलनचं शेत आहे त्याच्याही पुढे." मग आकाशाकडे बघून म्हणाली, "वर धुकं उतरलंय. सांभाळून चालवा हं."

"मी चालवत नाहीये," वहिनी म्हणाल्या.

बाईने ऐकलं नसावं. वहिनींनाच हात करून ती निघून गेली.

मागे फिरायचं तर जवळचा पंपही बराच मागे राहिला होता. म्हणजे सरळ हिशोब होता. गाडी अठरा देत असेल तर शेत गाठू. पंधरा देत असेल तर माळावर बसू. वहिनींना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "चला मग. काय ते कळेल."

वर चढलो आणि धुक्यात शिरलो. रस्त्याच्या कडेने उंच खांब रोवलेले, बर्फात रस्ता कुठे आहे ते कळावं म्हणून. एक खांब दिसायचा, तो गेला की पुढचा. बाकी काही नाही. मोबाइलची रेंज गेली. गवतात कुठेतरी एक पक्षी ओरडत होता, घोगरा, माणसासारखा. मला तो 'गो बॅक, गो बॅक' म्हणतोय असं वाटलं. वहिनींनी विचारलं, "काय म्हणतोय हो तो?" मी म्हटलं, "काही नाही, पक्षी आहे." खरं सांगतो, मला भीती वाटत होती.

पुढे गवताच्या गठ्ठ्यांचा ट्रेलर ओढणारा ट्रॅक्टर लागला. त्याच्यामागे पहिल्या गिअरमध्ये रांगत राहायचं म्हणजे उरलंसुरलं पेट्रोल जाळणं. माझा धीर सुटला. इंडिकेटर दिला, नाक जरा बाहेर काढलं.

"नको."

आवाज हळू होता, पण स्पष्ट. मी ब्रेक मारून आत आलो. त्याच क्षणी धुक्यातून ओंडक्यांनी भरलेली लॉरी निघाली, दिवे न लावलेली, आणि आमच्या आरशाला वारा घालत निघून गेली.

"बरं झालं तुम्ही नको म्हणालात," मी म्हटलं.

वहिनींनी डोळे उघडले. "मी कुठे बोलले? मला डोळा लागला होता."

आवाज उजवीकडून आला की मागून, हे मी आजही सांगू शकत नाही. वहिनींनी माझ्याकडे निरखून बघितलं. काय ऐकलं ते विचारलं नाही. पुढे ट्रॅक्टर वळून गेला, खांबामागून खांब येत राहिले, आणि माझ्या गणिताने टाकी संपायची ती जागा आली आणि गेली. इंजिन संथ चालूच. काटा टिकलीखाली अर्ध्यावर. डॅशबोर्डवर पंधरा. कुठल्याही क्षणी आचका देईल म्हणून मी कान टवकारून बसलो होतो, आणि गाडी उतरणीला लागली, धुक्याखालून बाहेर आली आणि समोर धूर निघणारी एक चिमणी दिसली. ॲलनचं घर.

ॲलनच्या बायकोने आम्हाला थेट स्वयंपाकघरात नेलं. चहा, आणि 'सिंगिंग हिनी' (तव्यावर चुरचुर वाजणारी गोड, जाड पोळी). वहिनींनी कपाला हात लावायच्या आधीच ॲलन गाडी बघून आत आला. कपाळाला आठ्या.

"तुम्ही फोनवर अठरा म्हणाल्या होतात."

वहिनींचा चेहरा उतरला. "अठराच आहे. माझे मिस्टर नेहमी सांगायचे."

"बाई, अठरा कुठे? नव्वदच्या वर आहे."

क्षणभर मलाही काही कळेना. मग लख्ख उजेड पडला. ॲलनने फोनवर विचारलं होतं, माइलेज किती? या देशात माइलेज म्हणजे गाडी आजवर किती चालली. आपल्याकडे माइलेज म्हणजे गाडी किती देते. त्याने ऐकलं अठरा हजार मैल, आणि गाडी तर नव्वद हजार धावलेली. मी समजावून सांगितलं. त्याची बायको डोळे पुसत हसली. ॲलन म्हणाला, राग नाही, पण इतकी थकलेली गाडी मला नको. वर म्हणाला, "आणि अठरा तरी कुठे देते? पंधरा दिसतंय आत."

"पण आम्ही पोचलो," मी म्हटलं. "पंधरा असती तर मघाशीच बंद पडलो असतो. आणि दिसतंय तर पंधराच. हेच मला समजत नाहीये."

वहिनींचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. टेबलावर दुधाची काचेची बाटली होती, एक पाइंटची. ती त्यांनी उचलली आणि हातात तोलत राहिल्या.

"भाऊजी, न्यू जर्सीला माझ्या ताईकडे राहायला गेले होते ना, तिथला पाइंट मला लहान वाटायचा. इथे जेवढे चहा होतात तेवढे तिथे व्हायचे नाहीत. ताई म्हणायची, तुझा भास." त्या थांबल्या. "गाडी कुठली आपली?"

"अमेरिकेतली."

"मग ती गॅलन कुठला मोजते?"

मी फोनवर गुणाकार केला. अमेरिकेचा गॅलन इथल्यापेक्षा लहान. गाडी दाखवायची त्यांच्या गॅलनला पंधरा, आणि मधू पंपावरचे लिटर मोजून सांगायचा इथल्या गॅलनला अठरा. दोन्ही आकडे बरोबर होते. अगदी काटेकोर.

वहिनी रडल्या नाहीत. बाटली जागेवर ठेवली. "एकदा नीट सांगायचं ना मग," त्या म्हणाल्या, "रुसून कशाला बसायचं."

ॲलनने माणुसकीने डब्यातून थोडं पेट्रोल दिलं. मी ते टाकत होतो तेवढ्यात वहिनी डावीकडच्या दारातून वर चढल्या. म्हणाल्या, बघू तरी बसून, इतकी वर्षं कधी या बाजूला बसले नाही. किल्ली फिरवली. घुर्रर्र करत सीट पुढे सरकली, आरसे वाकले आणि सगळं थांबलं.

बराच वेळ झाला तरी त्या उतरेनात. मी दारापाशी गेलो. त्यांचे पाय पेडलवर बरोबर टेकले होते. हात स्टिअरिंगवर, कोपरात जरासे वाकलेले, जसे असावेत तसे.

"आरसा बघा, भाऊजी. मागचा अख्खा रस्ता दिसतोय. मी काहीही हलवलं नाही." मग ओढणीने नाक पुसून म्हणाल्या, "ही माझी किल्ली होती. लायसन्स आहे तुझं, हीपण चालवायला शिक, शिक म्हणून मागे लागायचे. मी म्हणायचे, नको बाई, एवढं धूड मला नाही जमणार. यांनी सीट लावून ठेवली होती."

गावातल्या गेस्ट हाउसमध्ये मुक्काम करून दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच गाडीने परत निघालो. ट्रेनचं नाव कोणी काढलं नाही. वहिनी चालवत होत्या, सुरुवातीला दात आवळून, मग जरा सैल. मी उजवीकडे, त्यांच्या जागी. धुकं गेलं होतं आणि माळ आता साधा माळ होता. खांबही दूरवर दिसत होते. पुढे एक घोड्यांचा ट्रेलर रेंगाळत होता. समोर बघून सांगायचं काम आता माझं. माझ्या तोंडात दशमीचा घास होता. मी तो गिळतोय तोवर वहिनींनी इंडिकेटर दिला, गाडी बाहेर काढली आणि ट्रेलर मागे टाकला. रस्ता पार वळणापर्यंत मोकळा होता.

"वहिनी, मी अजून बोललो नव्हतो," मी म्हटलं.

"हो का?" रस्त्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "मला तर ऐकू आलं."

पुढे कॉव्हेंट्रीपर्यंत मी एकदाही 'घ्या' म्हटलं नाही. म्हणायची वेळच आली नाही. प्रत्येक वेळी त्या बरोबर निघायच्या, आणि मी शेजारी बसून आपण नक्की कोणाच्या जागेवर बसलोय याचा विचार करत होतो. रात्री मी रीडिंगला माझ्या घरी पोचलो. बायकोने दार उघडताच विचारलं, "काय रे, विकली का? आणि खरंच किती देते ती?"

मी म्हटलं, "अठरा." बाकीचं सांगितलं नाही.